आकाशचिन्ह, टू-लेट आणि बंद गाळ्याचं शटर

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण आपल्या बाजारपेठेचा विषय आहे, म्हणून सवड काढून वाचा.

मेन रोडवर बंद गाळे वाढलेत, हे सांगायला सर्व्हेची गरज नाही. शटरकडे बघितलं की कळतं. चालू दुकानाच्या शटरवर कुणी काही चिकटवलं तर मालक सकाळी फाडून टाकतो. बंद दुकानाचं शटर मात्र आठ-पंधरा दिवसांत भरून जातं. क्लासेस, मूळव्याधीवर हमखास इलाज, बिनतारण कर्ज, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणाची तरी भावपूर्ण श्रद्धांजली. आणि या सगळ्याच्या खाली कुठेतरी मूळ मालकाची पाटी असते, "गाळा भाड्याने देणे आहे". तिच्यावरचा फोन नंबरसुद्धा धड दिसत नाही.

गेल्या काही महिन्यांत नगरपरिषदेची अनधिकृत फलकांविरुद्ध मोहीम झाली. चांगली गोष्ट आहे. मी दोन दिवस त्या गाडीबरोबर फिरलो. गाडीत काय काय जमा झालं ते मोजलं. पत्र्याच्या छोट्या "भाड्याने देणे" पाट्या, "आमचे दुकान स्थलांतरित झाले आहे" असे कागदी बोर्ड, एका होऊ घातलेल्या बेकरीचा "लवकरच शुभारंभ" असा कापडी फलक. चौकातला वीस फुटी शुभेच्छा फलक तसाच राहिला. कर्मचाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब, आम्हाला जे हाताला लागतं ते काढायला सांगितलंय."

मग मी प्रश्न विचारला, तोच या पोस्टचा विषय. रिकाम्या दुकानावर पाटी लावायचा हक्क कुणाचा? त्यासाठी परवानगी लागते का? कार्यालयात मला तीन टेबलांवर तीन उत्तरं मिळाली. म्हणून घरी येऊन कायदे काढून बसलो. आणि कळलं की या प्रश्नाचं उत्तर सव्वाशे वर्षांपेक्षा जुनं आहे. फक्त ते आपल्याकडे कुणी वाचत नाही.

आकाशचिन्ह हा शब्द आला कुठून

पुणे महापालिकेत "आकाशचिन्ह व परवाना विभाग" आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, हे ज्योतिषाचं खातं असावं. होर्डिंगला आकाशचिन्ह का म्हणतात? कारण तो इंग्रजी "स्काय साइन" या शब्दाचा शब्दशः मराठी अवतार आहे. आणि स्काय साइन हा शब्द कायद्यात आला तो लंडनमध्ये, १८९१ साली.

पण लंडनची गोष्ट त्याच्याही आधी सुरू होते. तिथे दुकानांना नंबर नव्हते तेव्हा दुकान ओळखायचं ते टांगलेल्या चित्रावरून. बूट, सिंह, कात्री, मासा. दुकानदारांची चढाओढ लागली. पाट्या मोठ्या झाल्या, जड झाल्या, लोखंडी दांड्यांवर रस्त्याच्या मध्यापर्यंत आल्या. १७१८ साली फ्लीट स्ट्रीटजवळच्या ब्राइड लेनमध्ये अशाच एका पाटीच्या वजनाने इमारतीचा दर्शनी भाग कोसळला आणि चार माणसं मेली. तरी पाट्या काढायचा कायदा यायला आणखी चाळीसेक वर्षं लागली. १७६२ पासून वेस्टमिन्स्टर आणि मग लंडनच्या इतर भागांत हुकूम निघाले की पाटी टांगायची नाही, भिंतीला सपाट बसवायची. आज आपल्या दुकानावर दरवाज्याच्या वर जी आडवी पाटी असते, तिचा जन्म अशा हुकुमांतून झालाय.

टांगत्या पाट्या गेल्या तर कागद आला. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये पोस्टर चिकटवणाऱ्यांचा वेगळा धंदाच झाला. त्यांची आवडती जागा कोणती? रिकामी घरं, बंद दुकानं, बांधकामाभोवतीच्या फळ्या. कारण तिथे हटकायला कुणी नसतं. १८३९ च्या लंडन पोलीस कायद्यात मालकाच्या किंवा राहणाऱ्याच्या संमतीशिवाय इमारतीवर पोस्टर चिकटवणं गुन्हा ठरलं. तरीही १८५१ मध्ये चार्ल्स डिकन्सने आपल्या "हाउसहोल्ड वर्ड्स" साप्ताहिकात पोस्टर चिकटवण्यावर एक लेख लिहिला, त्यात सुरुवातीलाच एक ओसाड जुनी वखार येते. पोस्टरांच्या थरांखाली मूळ इमारत गायब झालेली. वाचताना मला आपल्या स्टँडसमोरचे जुने गाळे आठवले.

पुढे जाहिरातवाले छतावर चढले. आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसतील अशी मोठाली लोखंडी अक्षरं उभी राहिली. वाऱ्याने पडतील ही भीती, आणि शहर विद्रूप होतं ही तक्रार. म्हणून १८९१ चा लंडन स्काय साइन्स कायदा आला, आणि नंतर १८९४ च्या लंडन इमारत कायद्यात तीच कलमं गेली. त्यात आकाशचिन्ह कशाला म्हणायचं याची लांबलचक व्याख्या आहे. ध्वजकाठी, वातकुक्कुट सोडून द्यायचे. जाहिरातीचा फुगा मात्र धरायचा. आणि व्याख्येतून वगळलेल्या गोष्टींत एक साधी ओळ आहे. एखादी जमीन किंवा इमारत विकायची वा भाड्याने द्यायची असेल, आणि तशी सूचना त्याच जमिनीवर वा इमारतीवर लावली असेल, तर ती आकाशचिन्ह नाही.

म्हणजे "टू-लेट"ची पाटी कायद्याने पहिल्यापासून बाजूला ठेवली होती.

मुंबईत तेच कलम

मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. तो घडवण्यात फिरोजशहा मेहतांचा मोठा वाटा, हे आपण शाळेत शिकलो. त्या कायद्यात नंतर आकाशचिन्हांची आणि जाहिरातींची कलमं घातली गेली, कलम ३२८ आणि ३२८अ. लंडनची व्याख्या त्यात जवळजवळ जशीच्या तशी उतरली आहे, फुग्यासकट. पुढे पुणे, अहमदाबादसारख्या शहरांसाठी १९४९ चा प्रांतिक महानगरपालिका कायदा आला. आता त्याचं नाव महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. त्यात हीच गोष्ट कलम २४४ आणि २४५ मध्ये आहे.

या कलमांचा गाभा असा. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय जाहिरात लावता येणार नाही. पण काही जाहिरातींना परवानगी लागत नाही, जर त्या प्रकाशित नसतील आणि आकाशचिन्ह नसतील तर. त्यात या येतात :

एक, इमारतीच्या खिडकीच्या आत लावलेली जाहिरात.

दोन, त्याच जागेत चालणाऱ्या धंद्याविषयीची. किंवा ती जागा वा तिथलं सामान विकण्याविषयी, भाड्याने देण्याविषयीची. किंवा तिथे होणाऱ्या विक्री, करमणूक, सभेविषयीची.

तीन, रेल्वेच्या स्वतःच्या कारभाराविषयीची, आणि रेल्वे स्टेशनात किंवा रेल्वेच्या मालमत्तेवर लावलेली, फक्त रस्त्याकडे तोंड असलेला भाग सोडून.

हे पुन्हा एकदा शांतपणे वाचा. कायदा आकाराच्या आधी वेगळाच प्रश्न विचारतो : ही पाटी ज्या जागेवर आहे, त्या जागेविषयीच काही सांगते का? सांगत असेल तर ती माहिती आहे, तिला मोकळीक द्या. सांगत नसेल तर ती दुसऱ्याची जाहिरात आहे, तिने परवानगी घ्यावी. ज्याची जागा त्याची पाटी. इतकं साधं तत्त्व.

आता हे आमच्या मोहिमेच्या गाडीला लावून बघा. गाडीत पडलेली "गाळा भाड्याने देणे" ही पाटी त्या गाळ्याविषयीच बोलत होती. चौकातला शुभेच्छा फलक चौकाविषयी काहीही बोलत नव्हता. गाडीने नेमकं उलटं केलं.

खिडकी, फळ्या आणि शटर

पण कलम लंडनच्या दुकानाकडे बघून लिहिलेलं आहे, ही गोष्टही नजरेआड करून चालणार नाही. तिथल्या दुकानाला दर्शनी काच असते. काचेच्या आत मालकाचं राज्य. बाहेरच्याला आत काही लावता येत नाही. दुकान बंद पडलं तरी आतून एक कागद लावला की काम झालं. तो सुरक्षित राहतो, वाऱ्यापावसाने जात नाही, कुणी त्यावर चिकटवू शकत नाही.

आपल्या पेठांमधली जुनी दुकानं फळ्यांची. वयस्कर मंडळींना आठवत असेल, रोज सकाळी एकेक फळी काढायची, फळ्यांवर खडूने किंवा रंगाने आकडे टाकलेले, रात्री त्याच क्रमाने लावायच्या. मग पत्र्याची गुंडाळती शटरं आली. काचा आल्या त्या फार उशिरा, आणि त्याही शटरच्या मागे. दुकान बंद झालं की रस्त्याकडे तोंड असतं ते शटरचं. म्हणजे "खिडकीच्या आत" ही सवलत आपल्या बंद गाळ्याला जवळजवळ निरुपयोगी. जे काही लावायचं ते बाहेरून लावायचं, आणि बाहेरची बाजू सगळ्या गावाची.

तमाशाचे फड, सर्कस, तंबूतला सिनेमा, नाटक कंपन्या यांची माणसं खळीचा डबा आणि कुंचा घेऊन रात्री फिरायची. त्यांनाही बंद दार दिसलं की आनंद व्हायचा. म्हणूनच "येथे जाहिराती लावू नयेत, हुकुमावरून" हे वाक्य आपल्याकडच्या भिंतींवर इतकं दिसतं. हुकूम कुणाचा, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

आणखी एक फट आहे. कायदा म्हणतो, "त्या जागेत चालणाऱ्या धंद्याविषयी". दुकान बंद झालं की धंदा चालत नाही. मग जुनी पाटी कशात बसते? "आम्ही समोरच्या गल्लीत गेलो आहोत" हा कागद कशात बसतो? तो तिथे चालणाऱ्या धंद्याविषयी नाही आणि भाड्याविषयीही नाही. "लवकरच शुभारंभ" कशात बसतो? धंदा तर अजून सुरूच व्हायचाय. म्हणजे रिकाम्या गाळ्यावर खरोखर कामाच्या तीन पाट्या असतात, गेलो, द्यायचा आहे, येतोय. आणि त्यातल्या फक्त मधल्या पाटीचा कायद्याने स्पष्ट विचार केलाय.

टू-लेटची पाटी दुर्मिळ का होती

मग इतकी वर्षं हा प्रश्न पडला कसा नाही? कारण आपल्याकडे "भाड्याने देणे" ही पाटीच फारशी नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबई इलाख्यात भाडी गोठवली गेली. मग १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजीचं भाडं हे प्रमाण धरलं गेलं. निवासी जागांना तसंच दुकानांनाही. भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते तेव्हा गरजेचंही होतं. पण त्याची दुसरी बाजू अशी की एकदा गाळा दिला की तो परत येत नाही, ही मालकाची खात्री झाली. १९७३ मध्ये त्यात भर पडली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर जागा वापरत असलेल्यांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा मिळाला. मालकांनी धसका घेतला. अनेकांनी ठरवलं, कुलूप परवडलं पण भाडेकरू नको.

गाळे हातोहात जात होते ते पागडीवर. आणि पागडीचा व्यवहार पाटी लावून होत नसतो. तो कानात सांगितला जातो. म्हणून बंद गाळा असे, पण त्यावर पाटी नसे. मालक कोण, तो कुठे असतो, हे गल्लीतल्या चार जणांनाच माहीत.

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक झालं. अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम, एजंट ही भाषा गावोगाव आली. त्याबरोबर पाटीही आली. आधी पत्र्यावर पेंटरकडून रंगवलेली, मग फ्लेक्सची. आपल्या गावात "टू-लेट" पाट्या दिसू लागल्या त्या माझ्या डोळ्यांदेखत. वीस वर्षांपूर्वी बातमीदारीला लागलो तेव्हा मेन रोडवर अशी पाटी शोधावी लागायची.

एक गंमत बघा. रिकाम्या जागेची दखल पालिका कायद्याने घेतलीच नव्हती असं नाही. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात इमारत रिकामी राहिली तर मालमत्ता कराच्या परताव्याची तरतूद आहे. त्यासाठी मालकाने जागा रिकामी असल्याचं लेखी कळवायचं. म्हणजे कर वसूल करणाऱ्या टेबलाला जागा रिकामी आहे हे कळण्याची सोय होती. तिच्या शटरवर काय चिकटतंय हे बघणाऱ्या टेबलाला ती नव्हती.

भिंती रंगवणारे आणि १९९५ चा कायदा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत निवडणूक म्हणजे भिंती. चुना आणि गेरूने रंगवलेली चिन्हं वर्षानुवर्षं राहायची. डिसेंबर १९९० मध्ये टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त झाले आणि आचारसंहिता कागदावरून रस्त्यावर आली. खासगी भिंतीवरही मालकाच्या परवानगीशिवाय काही लिहायचं, चिकटवायचं नाही, हे पक्षांना तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं.

१९९५ मध्ये राज्याने मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा कायदा केला. लोकांच्या नजरेस पडणारी कोणतीही जागा विद्रूप केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "लोकांच्या नजरेस पडणारी जागा" यात खासगी इमारत, भिंत, कुंपण, खांब, झाड सगळं येतं. म्हणजे बंद गाळ्याचं शटरसुद्धा. हा कायदा मोठ्या शहरांपुरता नाही, तो आपल्यालाही लागू आहे. आपल्या गावात या कायद्याखाली शटर विद्रूप केल्याचा गुन्हा दाखल झालेला मी वीस वर्षांत बघितला नाही. दोन हजाराचा दंड आजही तेवढाच धरला तर तो एका मध्यम फ्लेक्सच्या खर्चाच्या आसपास आहे. धाक कसा बसणार?

त्यात फ्लेक्स आला. पेंटरला एका बोर्डाला दोन दिवस लागायचे, त्यामुळे बोर्डांची संख्या आपोआप मर्यादित राहायची. मशीनवर तोच बोर्ड तासाभरात छापून मिळू लागला आणि ती मर्यादा संपली. पेंटर मंडळी बेकार झाली, तो वेगळा लेख होईल.

पडल्यावर जाग

साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने बेकायदा फलकांविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, २०११ ची. आपल्यासारख्याच जिल्ह्याच्या गावातली संस्था, हे लक्षात ठेवा. न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यात सविस्तर निकाल दिला. बेकायदा फलक काढा, जबाबदार अधिकारी नेमा, तक्रारीसाठी टोल-फ्री क्रमांक द्या, असे आदेश राज्यातल्या पालिकांना झाले.

त्यानंतर काय झालं? ५ ऑक्टोबर २०१८, पुण्याचा जुना बाजार चौक, रेल्वेच्या जागेवरचा होर्डिंगचा सांगाडा काढताना कोसळला, चार मृत्यू. एप्रिल २०२३, पिंपरी-चिंचवडजवळ किवळे, वादळात होर्डिंग पडलं, पाच मृत्यू. १३ मे २०२४, घाटकोपरचा पेट्रोल पंप, सतरा मृत्यू. तो फलक १२० फूट बाय १२० फूट होता. महापालिकेच्या धोरणात कमाल मर्यादा ४० बाय ४० ची. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली, आणि महापालिका म्हणाली की आमची परवानगीच नव्हती.

रेल्वेच्या जागेवर पालिकेचं चालतं की नाही, हा वाद मुंबईत जुना आहे. वर सांगितलेली तिसरी सवलत आठवा. स्टेशनातल्या वेळापत्रकासाठी आणि रेल्वेच्या भिंतीसाठी लिहिलेल्या जुन्या सवलतीच्या सावलीत हा वाद वाढला. मूळ हेतू साधा होता, रेल्वेने आपल्या प्रवाशाला माहिती द्यावी. जागेविषयी बोलणारी पाटी मोकळी, हेच तत्त्व. ते तत्त्व विसरलं आणि फक्त "रेल्वेच्या जागेला लागत नाही" एवढंच लक्षात राहिलं, तर काय होतं ते आपण बघितलं.

१७१८ च्या लंडनमध्ये चार माणसं मेली, आणि पाट्या उतरवायला १७६२ उजाडलं. आपल्याकडे प्रत्येक दुर्घटनेनंतर मोहीम निघते. मोहिमेला आकडा लागतो, "इतके फलक हटवले". मोठ्या फलकामागे नाव असतं, फोन येतो. छोट्या पाटीमागे कुणी नसतं. म्हणून आकडा छोट्या पाट्यांनी भरतो. घाटकोपरनंतर आमच्या गाडीत "भाड्याने देणे"ची पाटी पडली, ती अशी.

पैशाचीही बाजू आहे

नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यात वृत्तपत्रातल्या जाहिराती सोडून इतर जाहिरातींवर कर बसवण्याची तरतूद होती. मुळात हा अधिकार राज्यघटनेच्या राज्यसूचीतल्या ५५ व्या नोंदीतून येत होता. जीएसटीसाठी १०१ वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा ती नोंद वगळली गेली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. जाहिरात "कर" गेला, उरलं ते परवाना शुल्क आणि जागाभाडं. साहजिकच लक्ष मोठ्या फलकांकडे, जिथून शुल्क येतं. शटरवरच्या कागदातून तिजोरीत काही येत नाही, म्हणून त्याच्यासाठी नियम लिहायलाही कुणाला सवड नाही. महानगरपालिकांसाठी २०२२ मध्ये नवे जाहिरात नियम झाले. आपल्या नगरपरिषदेचा या विषयावरचा उपविधी मी मागितला, तेव्हा मला मोहिमेच्या आदेशाची झेरॉक्स मिळाली.

यात कुणाचं काय जातं

एक घड्याळ दुरुस्त करणारे काका आहेत, नाव देत नाही. चाळीस वर्षं एकाच गाळ्यात. इमारत पाडायची ठरली म्हणून मागच्या गल्लीत गेले. जुन्या शटरवर त्यांनी स्वतःच्या हाताने कागद लिहून लावला, नवीन पत्ता आणि बाण. चार दिवसांत त्यावर एका क्लासचं पोस्टर. त्यांनी पुन्हा लावला. मग वाढदिवसाचा फ्लेक्स, पूर्ण शटरभर. तो काढायची त्यांची हिंमत झाली नाही. मला म्हणाले, "गिऱ्हाईकाला वाटतं मी गेलो. म्हणजे, वरच गेलो." हसून म्हणाले, पण त्यांचं निम्मं गिऱ्हाईक खेड्यांतून बाजारच्या दिवशी येणारं. त्यांच्याकडे काकांचा फोन नंबर नाही. त्यांना दुकानाची जागा माहीत, बस.

त्या एका कागदाची किंमत काकांसाठी महिन्याच्या घरखर्चाएवढी होती. मालकासाठी "भाड्याने देणे" पाटीची किंमत गाळा सहा महिने लवकर जाण्याएवढी असते. आणि गावासाठी? बंद शटर पोस्टरांनी भरलं की शेजारचं दुकानही पडीक वाटायला लागतं. पुढचा गाळा रिकामा व्हायला वेळ लागत नाही.

मग नियम काय असावा

फार मोठं काही नको. एका पानाचा उपविधी पुरेल. माझी मागणी अशी :

१. रिकाम्या गाळ्यावर मालकाची विक्री-भाड्याची पाटी, जुन्या दुकानदाराची स्थलांतराची सूचना आणि नव्या दुकानाची "लवकरच" पाटी, या तिन्ही विनाशुल्क आणि विनापरवानगी. आकाराला मर्यादा घाला, समजा तीन फूट बाय दोन फूट. शटरला सपाट, टांगती नाही, दिवे नाहीत.

२. पाटीवर लावल्याची तारीख हवी. स्थलांतराची सूचना सहा महिने, "लवकरच" तीन महिने, भाड्याची पाटी गाळा जाईपर्यंत. मुदत संपली की लावणाऱ्याने काढायची.

३. या तीन सोडून बंद शटरवर इतर काहीही लावायचं तर मालकाची लेखी संमती आणि नगरपरिषदेची परवानगी, दोन्ही. जो लावेल त्याचं नाव खाली. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव सक्तीचं आहे, मग शटरवरच्या पोस्टरवर का नको?

४. मालकाने जागा रिकामी झाल्याचं नगरपरिषदेला कळवावं आणि संपर्काचा नंबर द्यावा. शटर खराब झालं तर फोन कुणाला करायचा हे तरी कळेल.

५. मोहिमेचा आकडा जाहीर करताना तो आकारानुसार द्यावा. किती मोठे, किती छोटे. मग कळेल गाडी कुणाच्या दारात थांबते.

यातला प्रत्येक मुद्दा जुन्या कायद्याच्या त्या एका तत्त्वातून निघतो : जागेविषयी बोलणारी पाटी मोकळी, बाकीच्यांनी विचारून यावं. नवीन काही शोधायचं नाही, फक्त फळ्यांच्या आणि शटरच्या गावाला बसेल असं लिहायचं आहे.

नगरपरिषदेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेसाठी हा विषय मी लेखी अर्जाने देतोय. व्यापारी संघटनेच्या दोन पदाधिकाऱ्यांशी बोललो, ते सही करायला तयार आहेत. तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला तुम्हीही विचारा, की मोहिमेत तुमच्या भागातून काय उचललं आणि काय सोडलं. ज्यांचे गाळे रिकामे आहेत त्यांनी आजच शटरवर आपला नंबर स्वच्छ रंगवून घ्यावा. तो हक्काचा आहे, त्यासाठी कुणाच्या टेबलासमोर उभं राहायची गरज नाही. आणि वाढदिवसाचे फ्लेक्स लावणाऱ्या पोरांना एवढंच सांगणं आहे, बंद शटरवर काही लावण्याआधी खालचा कागद वाचा. कुणाचा तरी नवीन पत्ता असेल.